खांदा आमचा, पालखी कुणाची?



सेवा हा शब्द फार गुळचट आहे. जिभेवर ठेवला की विरघळतो, अन् घशाखाली काय उतरलं ते कळत नाही. ‘त्यानं आयुष्यभर देवीची सेवा केली.’ ‘त्याच्या तीन पिढ्या पालखीच्या दांडीला होत्या.’ ‘निष्ठावान माणूस, कधी चार आण्याला हात लावला नाही.’ हे सगळं माणूस मेल्यावर बोलतात. तो जिता असताना त्याच्या चुलीवर काय शिजत होतं ते कुणी बोलत नाही. मी चुलीचंच बोलणार आहे.

लिहायचं कारण ताजं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वाडीवर शिमग्याच्या आधी गावकीचा निरोप आला. ‘झालं गेलं इसरा. तुमचा जुना मान तुमी परत घ्या. पालखीचा एक खांदा तुमचा, ढोल पण तुमचाच.’ निरोप गोड होता. गावशाखेची बैठक बसली, मुंबईच्या शाखेची वेगळी बसली, अन् दोन्हीकडं फूट पडली. म्हातारे म्हणाले, आमी नाय जानार. तरणी पोरं, भीमजयंतीला निळं उपरणं डोक्याला बांधून पहाटेपर्यंत नाचणारी, ती म्हणाली, काय हरकत हाय? एवढी वर्सं आपनच दूर ऱ्हायलो. मान मिळतोय तर घेऊया. एकानं तर थेट बाबासाहेबांचा दाखला काढला. म्हणाला, आंबडव्याला बाबासाहेबांच्या घराकडं पालखीचा मान होताच की!

हे पान त्या पोरांसाठी आहे. म्हाताऱ्यांना ह्यातलं काही सांगायची गरज नाही. त्यांच्या खांद्याला घट्टे आहेत.

आधी आंबडव्याचंच घेऊ. दाखला खोटा नाही. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. गावदेवीची पालखी ठेवायचा मान त्यांच्या घराण्याकडं होता, अन् त्यामुळं गावात घराला थोडी पत होती, असं धनंजय कीरांनी चरित्रात लिहून ठेवलंय. मान्य. पण दाखला अर्धा काढायचा नसतो. पुढं काय झालं तेही बोल. आजोबा मालोजी पलटणीत गेले. वडील रामजी पलटणीत गेले, सुभेदार झाले, पलटणीच्या शाळेत हेडमास्तर झाले, कबीरपंथी झाले. पालखी गावात राहिली अन् घर गावातून बाहेर पडलं. १८९१ ला बाबासाहेब जन्मले ते महूच्या छावणीत. पालखीच्या मानावर त्या घरातलं एक पोरगं शिकलेलं नाही. रामजींच्या पगारावर अन् पेन्शनीवर शिकलं, उसनवारीवर शिकलं, पुढं बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकलं. मान जर एवढा मोठा होता तर ह्या घराला तो सोडून का जावं लागलं, एवढं एकच त्या पोरानं मला सांगावं.

आता मानाचं माप घेऊ. गिरणीत मी रिंगखात्यावर आहे. आमच्याकडं बॉबिन भरली की नाही ते डोळ्यांनी बघतात, भाषण करून ठरवत नाहीत. मानाचंही तसंच करायचं. चार गोष्टी विचारायच्या. ज्याच्या घरी पालखी, त्याच्या हातचं पाणी गाव पीत होतं काय? त्याला गावाच्या विहिरीवर घडा लावता येत होता काय? देवळाच्या गाभाऱ्यात तो जात होता काय? कौल लावायला, गाऱ्हाणं घालायला, देवस्थानच्या जमिनीचा हिशेब बघायला तो बसत होता काय? चारीला उत्तर एकच आहे, अन् ते गावकीलाही माहीत आहे. देवी त्याच्या खांद्यावर बसलेली चालायची, पण त्याची सावली देवळाच्या पायरीवर चालायची नाही. पालखीला विटाळ नाही अन् पाण्याला विटाळ. हे कोडं नाही. ह्याला हिशेब म्हणतात. ओझं उचलायला माणूस लागतो म्हणून ओझ्यापुरता विटाळ माफ.

शिमगा कसा चालतो ते तुम्हाला माहीत आहे. पालखीत रूपं लागतात, पालखी सहाणेवर बसते, होळीचा माड येतो, होम पेटतो, मग पालखी घरोघर. बारा-पाच मानकरी पुढं. गुरव गाऱ्हाणं घालतो अन् सगळे ओरडतात, व्हय म्हाराजा. ह्यात आपल्या माणसाचं काय होतं? लाकूड तोडायचं. वाजवायचं. रात्र रात्र मशाल धरायची. सांगावा घेऊन डोंगर चढायचा. सण संपला की मेलेलं ढोर ओढायचं. बदल्यात पसाभर भात, नारळाची कवड, नवसाचं उरलंसुरलं. वर पाठीवर थाप, की बाबा तुझ्याशिवाय देवीचं पान हलत नाही. खरं आहे. बैलाशिवाय नांगरही हलत नाही. म्हणून बैल काही शेताचा मालक होत नाही.

कोकणातल्या आपल्या माणसाच्या अंगावर तीन ओझी लिहिलेली होती. खांद्यावर देवीची पालखी. डोक्यावर खोताचं भात. आणि जो कुणी बंदराला पळाला त्याच्या डोक्यावर माशांची टोपली. रमाईचे वडील भिकू दाभोळ बंदरात टोपल्या वाहायचे. तिन्हीत सगळ्यात घाण वासाचं ओझं तेच. पण तिन्हीत मजुरी मिळायची ती त्याच एका ओझ्याची. बाकी दोन ओझी सेवा होती. माझ्या पोरा, मासे वाहणाऱ्या भिकूचा मला अभिमान आहे. त्यानं आपल्या घामाचे पैसे मोजून घेतले.

खोताचं नाव निघालं तर ते पुरतं काढू. रत्नागिरीत देवी अन् खोत ह्यांना वेगळं करून बोलणारा माणूस एकतर भोळा असतो नाहीतर खोताचा नातू असतो. खोत मुळात सरकारचा सारा गोळा करून देणारा. पण तो गावाचा राजा होऊन बसला. १८८० च्या खोती कायद्यानं इंग्रजानं त्याची गादी कागदावर पक्की केली. कूळ अर्धेलीनं राबायचं, पिकाचं अर्धं खोताच्या अंगणात. वर वेठ. खोताचं घर शाकारायचं, खोताचं लाकूड फोडायचं, खोताची डोली उचलायची. फुकट. अन् शिमग्याच्या पालखीपुढं पहिला नारळ कुणाचा? गावोगाव म्हाताऱ्यांना विचारा. ज्याच्या अंगणात भात जात होतं त्याच्याच अंगणात पालखी आधी नाचत होती.

इथं खरी मेख आहे, नीट ध्यानात घ्या. वेठ नाकारली तर खोत रागावतो. खोत माणूस आहे, त्याच्याशी भांडता येतं, कोर्टात खेचता येतं, त्याच्या दारावर मोर्चा नेता येतो. पण सेवा नाकारली तर देवी कोपते! मग पाऊस लांबला तरी तुझ्यामुळं, पोराला देवी आल्या तरी तुझ्यामुळं, खोताची म्हैस मेली तरी तुझ्यामुळं. देवी कोर्टात येत नाही. तिच्यावर मोर्चा निघत नाही. म्हणून वेठीला सेवेचं लुगडं नेसवलं की मालकाचं काम झालं. चाबूक खोताच्या हातातून निघून राबणाऱ्याच्या डोक्यात जातो. त्याला मारायला मग माणूस ठेवावा लागत नाही. तो स्वतःच स्वतःला मारतो अन् वर म्हणतो, माझं भाग्य थोर.

बाबासाहेबांना हे कळलं होतं. १९२७ च्या मार्चमधे महाडच्या परिषदेत मेलेलं ढोर ओढायचं बंद, असं ठरलं. तिथं मानाचा प्रश्नच नव्हता, कामाचा होता. १९२९ च्या एप्रिलमधे ते चिपळूणला रत्नागिरी जिल्ह्याच्या परिषदेत आले. १९३७ च्या १७ सप्टेंबरला मुंबईच्या असेंब्लीत खोती नष्ट करायचं बिल त्यांनीच मांडलं. १० जानेवारी १९३८ ला मुंबईत कौन्सिलवर शेतकऱ्यांचा जंगी मोर्चा गेला. त्यात महार होता, कुणबी होता, आगरी होता. इकडं अलिबागकडं चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांबरोबर १९३३ पासून पुढं काही वर्षं शेतंच कसायची नाहीत असा संप केला होता. पोटाला चिमटा घेऊन केलेला संप. शेवटी १९४९ ला खोती रद्द करणारा कायदा आला. आता मला सांगा, ह्यातलं कोणतं काम पालखीच्या खांद्यानं झालं? ह्यातली कोणती ओळ देवीच्या कौलात उमटली होती?

काही मित्र म्हणतील, अरे पण सुधारणावाले हिंदूही होते. रत्नागिरीतच पतितपावन मंदिर झालं की. झालं. २२ फेब्रुवारी १९३१ ला झालं. भागोजीशेठ कीरांनी पैसा घातला, सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्यांनी चळवळ चालवली. सगळ्या जातींना आत सोडलं, एका पंक्तीला बसवलं. त्या काळात ते साधं नव्हतं, मी ते नाकारत नाही. पण माझा प्रश्न साधा कामगाराचा आहे. मंदिर नवं का बांधावं लागलं? जुन्याला दार होतं ना? अन् नवं दार उघडलं म्हणून खोताच्या कोठाराचं दार उघडलं काय? अर्धेली पाव झाली काय? १९३३ ला बाबासाहेबांनी सावरकरांना पत्रातून कळवलं होतं की चातुर्वर्ण्याची भाषा तुम्ही अजून सोडत नाही, गुणावर आधारलेलं म्हणून का होईना पण तेच बोलता. पत्रात कामाबद्दल चांगलं बोलले अन् दुखणंही दाखवून दिलं. असं बोलावं.

त्याच सुमाराला काळारामाचं चाललेलं होतं. २ मार्च १९३० ला नाशकात सत्याग्रह सुरू झाला, पाच वर्षं आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. देवळात जाऊन देव पुजायची हौस म्हणून नाही. माणूस म्हणून दार उघडतं का ते बघायला. उघडलं नाही. १९३३ ला मंदिरप्रवेशाच्या बिलाला पाठिंबा द्यायला बाबासाहेबांनी नकार दिला. १९३५ च्या १३ ऑक्टोबरला येवल्यात ते धर्म सोडायचं बोलले. अन् १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात सोडला. जो दरवाजा आपल्या माणसांनी रक्त सांडून सोडून दिला, त्याच दरवाजातून तुम्ही ढोल वाजवत परत निघालात. बरं, आत कुठं निघालात? आत नाहीच. दांडीखाली निघालात.

दांडीवरून आठवलं. खांद्याचं कौतुक करणाऱ्यांना मी ओठाचं सांगतो. रत्नागिरीचा माणूस मुंबईच्या गिरणीत गेला तेव्हा वाटलं की यंत्राला जात नसते. पण साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. का? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा. महाराचा ओठ लागलेला धोटा सवर्ण विणकर कसा तोंडाला लावील? साचेखात्यात पगार जास्त. म्हणून विटाळ तिथंच जास्त. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न रोखठोक काढला. बघा गंमत, ज्याच्या खांद्यावरची देवी चालते त्याच्या ओठाचा धागा चालत नाही. फुकटच्या कामाला विटाळ नसतो. पगाराच्या कामाला असतो. जातीची सगळी पोथी मला ह्या एका धोट्यात वाचता येते.

कुणी म्हणेल, ही हिंदूंच्या देवळाची गोष्ट झाली. चर्चमधे असं नसतं. मी चर्चचंही बघितलंय. रत्नागिरीत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं एकोणिसाव्या शतकातच ठाणं घातलं. ह्याच जिल्ह्यातल्या करजगावचे नारायण वामन टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले, मोठे कवी झाले, त्यांचं नाव पुस्तकात आहे. असू दे. पण महाराष्ट्रात गावोगावच्या लहान चर्चमधे एक माणूस असतो त्याचं नाव पुस्तकात नसतं. एखादा एकरभर कोरडवाहू कसणारा. पहाटे घंटा वाजवतो. बाकं पुसतो. कबर खणतो. पाद्री बदलतात, हा बदलत नाही. पन्नास वर्षांनी त्याला शाल घालतात अन् सांगतात की बघा, किती विश्वासू सेवक. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे, कारण तो बहुतेक माझाच भाऊबंद असतो. मिशननं त्याच्या पोराला पाटी दिली, हेही खरं आहे, अन् ते देवीनं कधी दिलं नव्हतं. पण माझं माप तेच. तो कमिटीवर आहे काय? चर्चच्या जमिनीच्या कागदावर कुणाची सही चालते? त्याच्यावर गावात हात उगारला गेला तेव्हा घंटा वाजली काय?

१९३८ च्या जानेवारीत सोलापूरला बाबासाहेबांनी ख्रिस्ती मंडळींना तोंडावर सांगितलं की धर्म बदलल्यावर तुम्ही सामाजिक अन्यायाशी लढणं सोडलंत, राजकारणापासून लांब राहिलात. अन् सरकारनंही त्या घंटावाल्याला सोडलं नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना. १९५६ ला शिखांना मिळाल्या. बौद्धांना १९९० ला मिळाल्या, त्याला चौतीस वर्षं लागली. ख्रिस्ती दलिताला अजून नाहीत. गाव त्याला महारच म्हणतं अन् कागद त्याला महार म्हणत नाही. म्हंजे विटाळ चालू अन् सवलत बंद. त्याच्या बाजूनं आपण बोललं पाहिजे. देव वेगळा असला तरी पाठ तीच आहे.

आता दुसऱ्याच्या घरातून आपल्या घरात येऊ. इथं तुमच्यापैकी पुष्कळ जण माझ्यावर चिडतील. चिडा.

आमच्या वाडीत एक म्हातारा आहे. नाव देत नाही, त्याला आवडायचं नाही. वरकस डोंगरावर नाचणी-वरी करतो, पावसात थोडा भात. छप्पन सालानंतर त्याच्या बापानं पालखीचा खांदा काढला तेव्हा हा शाळकरी पोरगा होता. तेव्हा गावकीनं वाडीला काम बंद केलं होतं, वाण्यानं मीठ बंद केलं होतं, हे तो सांगतो, अन् सांगताना आवाज चढवत नाही. मोठा झाल्यावर ह्यानं विहाराची किल्ली घेतली. तेव्हा विहार म्हंजे कुडाच्या भिंती अन् गवताचं छप्पर. दर पावसाळ्याआधी हा छप्पर शाकारायचा. सारवायचा. पौर्णिमेला मेणबत्ती, संध्याकाळी वंदना. लग्न असो, पुण्यानुमोदन असो, पाणी भरणार हाच, सतरंजी झाडणार हाच. पोरांना विहाराच्या ओट्यावर बसवून बाराखडी गिरवायला लावणारा हाच. त्यातली दोघं-तिघं आज सरकारी नोकरीत आहेत.

पुढं मुंबईकरांनी वर्गणी काढली अन् पक्का विहार बांधला. स्लॅबचा, लाद्यांचा. चांगली गोष्ट. दारात संगमरवरी पाटी लागली. पाटीवर अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सल्लागार, अन् देणगीदारांची नावं रकमेसकट. म्हाताऱ्याचं नाव नाही. त्यानं पैसे दिले नव्हते ना! त्यानं फक्त चाळीस वर्षं दिली होती. उद्घाटनाला पुढारी आले, गाड्या आल्या. म्हाताऱ्याला बोलावून शाल-नारळ दिला अन् माईकवरून सांगितलं, ह्यांनी विहाराची निःस्वार्थ सेवा केली. सभा संपल्यावर सतरंज्या कुणी झाडल्या? त्यानंच. शाल खुंटीला अडकवून.

मग आपल्यात अन् गावकीत फरक काय राहिला? गावकी म्हणते देवीची सेवा, आपण म्हणतो धम्माची सेवा. गावकी नारळाची कवड देते, आपण अख्खा नारळ देतो. प्रगती झाली म्हणायची!

फरक आहे. तो मी सांगतो, कारण तो मिटू द्यायचा नाही म्हणून तर हे लिहितोय. पालखीचा खांदा जन्मानं लादलेला होता. नाही म्हणायची सोय नव्हती. विहाराची किल्ली त्या म्हाताऱ्यानं स्वतः घेतली. बापानं खाली ठेवलेलं ओझं पुन्हा कुणाच्या पोराच्या खांद्यावर जाऊ नये म्हणून घेतली. पालखीखालचा माणूस गावाला मोठं करत होता. विहारातला हा माणूस पोरांना मोठं करत होता. जी मेहनत माणूस आपल्या मर्जीनं, आपल्या माणसांच्या मुक्तीसाठी करतो, जिचा हिशेब सगळ्यांपुढं मांडता येतो, जी उद्या दुसऱ्याच्या हातात देता येते, ती चळवळ. जी मेहनत जन्मानं ठरते, जिला नाही म्हणता येत नाही अन् जिचा हिशेब विचारणं पाप ठरतं, ती वेठ. देवळात असो, चर्चमधे असो, विहारात असो. गिरणीत पंचवीस वर्षं झाली की घड्याळ देतात अन् ओव्हरटाईमचं विचारलं तर डोळे वटारतात, ती पण वेठच.

म्हणून माझी मागणी दोन्हीकडं आहे.

गावकीला आपण काय सांगायचं? शिव्या द्यायच्या नाहीत. तिकडच्या दांडीखालचा कुणबीपण अर्धेलीचंच कूळ होता, १९३८ च्या मोर्च्यात तो आपल्या शेजारी चालला होता. बाबासाहेबांनी १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष काढला तो त्याला धरूनच काढला. त्याला म्हणायचं, दादा, मान तुझ्याकडंच राहू दे. आम्हाला सलोखा पाहिजे, पण सलोख्याची जागा पालखी नाही. सलोखा नळाच्या पाइपलाईनवर करूया. स्मशानाच्या वाटेवर करूया, जिथं पावसात मयत नेताना अजून आमची माणसं बांधावरून घसरतात. तुझ्या देवस्थानच्या जमिनीत आमचा बाप पिढ्यानपिढ्या राबला, त्याचं नाव कुळाच्या रकान्यात का नाही, ते तलाठ्याकडं दोघं मिळून बघूया. तुझ्या पोराचं अन् माझ्या पोरीचं एकमेकांवर मन बसलं तर तू कोयता काढणार नाहीस, हे बोल. एवढं झालं की मग तू आमच्या पौर्णिमेला ये, खीर खा, आम्ही तुझ्या अंगणात येऊन पुरणपोळी खाऊ. देवीला मधे घालायची गरज पडणार नाही.

अन् पालखी नाकारली म्हणून कुणी वाळीत टाकायला निघालं तर घाबरायचं कारण नाही. ते दिवस गेले की कागद नव्हता. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ ला कायदा केला, २०१७ पासून तो लागू आहे. १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा आहेच. कायदा आपोआप चालत नाही, त्याला ढकलावं लागतं. पालखीला खांदा लावायची ताकद आहे ना अंगात? तीच तिकडं लावा.

आता आपल्याच घरातली मागणी. पहिली, विहाराचा हिशेब दरवर्षी वाडीपुढं मोठ्यानं वाचायचा, वर्गणी शंभराची असो की लाखाची. दुसरी, झाडलोट पाळीनं. अध्यक्षाचीही पाळी. गिरणीत पाळी लागते तशी फळ्यावर नावं लिहून. तिसरी, कमिटीवर बाया पाहिजेत. दोन नावापुरत्या नकोत, निम्म्या पाहिजेत. विहार सारवलाय कुणी हे सगळ्यांना माहीत आहे. चौथी, वर्षाचे तीनशे दिवस विहाराला कुलूप दिसता कामा नये. आत पुस्तकं ठेवा, बल्ब लावा, पोरांना अभ्यासाला बसवा. लाद्या बघायला कुणी डोंगर चढून येत नाही. पाचवी, पाट्या. एकतर राबणाऱ्यांची नावं पहिल्यांदा कोरा, नाहीतर पाटीच लावू नका.

१२ फेब्रुवारी २०२२ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद आंबडव्याला येऊन गेले. चांगलं झालं. पण ज्या गावातल्या घराला पालखीमुळं पत होती असं पुस्तकात लिहिलंय, त्या गावाचं नाव आज देशाला कशामुळं माहीत आहे? पालखीमुळं? त्या घरातली माणसं दांडी सोडून बाहेर पडली, शिकली, अन् त्यांच्यातल्या एकानं सगळ्यांना बाहेर पडायला शिकवलं, म्हणून माहीत आहे. तेव्हाच्या दापोलीत पेन्शन खात बसलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ ला ‘विटाळ विध्वंसन’ लिहून धर्माच्या ठेकेदारांना सवाल टाकले होते. लष्करात महारांची भरती बंद झाली तर त्याच्यावर अर्ज लिहिला. हातात लेखणी अन् डोक्यात सवाल. रत्नागिरीच्या मातीतला आपला वारसा म्हणून दाखवायचाच असेल तर तो दाखवा. ढोल कशाला दाखवता?

तेव्हा पोरांनो, निरोपाला उत्तर द्यायचं तर लेखी द्या. लेटरहेडवर द्या, शाखेचा शिक्का मारून द्या, तारीख घाला. खाली सगळ्यांच्या सह्या. ज्याला सही येत नाही अशी एखादी म्हातारी उरली असेल तर आधी तिला सही शिकवा, मग पत्र धाडा. चार दिवस उशीर झाला तरी चालेल. पिढ्यानपिढ्या वाट बघितलीय, शिमगा काही पळून जात नाही.

जयभीम.